तानुबाईच्या ओट्यापाशी एक नळ

१४ जून १९६४, रविवार. सकाळी सहा.

वऱ्हाडातल्या नोकरदार, संसारी, तरीही ज्ञानाची भूक शाबूत असलेल्या पदवीधर बंधुभगिनींनो, तुमच्यामाझ्यावर वर्षानुवर्षं एक अन्याय होत आला आहे. आपण बी.ए. होतो, नोकरीला लागतो आणि विद्यापीठ आपल्याला विसरून जातं. पुढं शिकायचं म्हटलं तर सांगतात, एक विषय घ्या. इतिहास घ्या, नाहीतर अर्थशास्त्र घ्या. ज्याला सगळ्याच विषयांवर बोलता येतं, त्यानं कुठं जावं?

(ही रोजनिशी माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. पण संबोधनाशिवाय मला सुरुवातच करता येत नाही. जुनी सवय.)

तर अन्याय संपला. अकोल्याच्या एका नव्या मंडळानं पदवीधरांसाठी वर्षाचा वर्ग काढला आहे. नाव, ‘सर्वविद्या आणि नगरधोरण’. इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, अर्थकारण, नगरपालिकेचा कायदा, पाणी, गटारं, दिवे, सगळं एकत्र. वर्ग फक्त रविवारी. हा कोर्स काढताना कोणीतरी मला डोळ्यांसमोर ठेवलेलं दिसतं.

संकल्प: रोज पहाटे चारला उठून वाचन. व्याख्यानं वर्षभर बंद. एकही रविवार चुकवायचा नाही.

बायकोला, वच्छलेला, सांगितलं. तिनं विचारलं, त्यात नळाचं काही शिकवतात का. आमच्या गल्लीत नळ नाही, बायका मोठी सडक ओलांडून पलीकडून पाणी आणतात, ते तिच्या डोक्यात. मी म्हटलं, नगरधोरण म्हणजे नळ नव्हे. नगरधोरण म्हणजे संस्कृतीचा नकाशा. ती म्हणाली, बरं, मग त्या नकाशात नळ कुठं आहे ते पाहून ठेवजा.

२१ जून, रविवार.

पहिला वर्ग. अमरावतीहून बडनेरा, तिथून पॅसेंजरनं अकोला. गाडीत वाचायला पुस्तकं घेतली होती, पण डब्यातली मंडळी जिज्ञासू निघाली. मूर्तिजापूरपर्यंत ग्रीक नगरराज्यं झाली, बोरगावपर्यंत रोम. अकोल्याला पाटलीपुत्र अर्धवट राहिलं, याची सगळ्यांना रुखरुख वाटली असणार. दोघंतिघं तर आधीच डोळे मिटून चिंतन करत होते.

शिकवणारे देवराव सर. कुठल्याशा नगरपालिकेत मुख्याधिकारी होते, आता निवृत्त. आवाज बारीक, वाक्यं आखूड. वक्तृत्व नाही, पण माणूस सुधारण्यासारखा आहे. अर्धे मार्क लेखी परीक्षेला, अर्धे प्रत्यक्ष कामाला. प्रत्येकानं आपल्या वस्तीतलं एक काम रीतसर मार्गानं तडीस न्यायचं. अर्ज करायचा, सुनावणीला उभं राहायचं, मिळवून दाखवायचं. लहान काम घ्या, म्हणाले.

लहान! मी उभा राहून माझा विषय जाहीर केला: अमरावती-अकोला जुळं महानगर. सरांनी विचारलं, मधल्या साठ मैलांचं काय करणार. मी म्हटलं, मूर्तिजापूरचा बगीचा होईल. मागच्या बाकावरून आवाज आला, मग मूर्तिजापूरवाल्यांना आजपासूनच पाणी घालायला सांगायला पाहिजे. वर्ग हसला.

बोलणारा धर्मपाल. अकोल्याच्या तहसील कचेरीत क्लार्क. छप्पनसाली घरच्यांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, त्यांच्या वस्तीतला पहिला बी.ए. जीभ तिखट. त्यानं काम निवडलं: विहारासमोर रस्त्यावर एक दिवा, संध्याकाळी बायकांचा साक्षरतेचा वर्ग सुटतो म्हणून. एक दिवा! दृष्टीचा प्रश्न आहे, दुसरं काय.

२२ जून. पहाटे चार.

उठलो.

पहाटे चार वाजून दहा मिनिटं. चिंतनासाठी आडवं होणं आवश्यक.

सकाळी साडेसात. शरीराला विश्रांतीची किती गरज होती, हे यावरून कळतं. उद्यापासून.

५ जुलै, रविवार.

वर्ग चुकला. हिवरखेडकरांनी फार गळ घातली. व्याख्यानं बंद आहेत असं मी स्पष्ट कळवलं होतं, पण त्यांनी विषय ‘नगरनियोजन’ ठेवला. म्हणजे हे व्याख्यान नव्हतं, अभ्यासच होता. दोन तास बोललो. रुंद रस्ते, उद्यानं, कारंजी. गावकरी चिडीचूप.

शेवटी एक म्हातारे शेतकरी उठले आणि विचारलं, हे शहर येणार कधी? म्हणजे यंदा पेरू का नको?

प्रश्नावरून परिणाम किती खोल झाला ते दिसतं. पेरा म्हटलं.

२ ऑगस्ट, रविवार.

देवराव सरांनी आज एक पोरकट खेळ घेतला. ते टेबलामागं समिती म्हणून बसले. प्रत्येकानं एका मिनिटात एक गोष्ट मागायची. धर्मपाल उठला, म्हणाला, “साहेब, विहारासमोर अंधार आहे, एक दिवा द्या.” बसला. सर म्हणाले, दिला.

माझी पाळी. “अकोल्याच्या या ज्ञानपीठाचे आधारवड, प्रशासनाच्या गाढ्या अनुभवानं ज्यांचे केस नव्हे तर विचार पिकले आहेत, असे आदरणीय देवराव सर, आणि नगरधोरणाच्या या पंढरीत जमलेले माझे सहाध्यायी,” इथपर्यंत आलो आणि सरांनी बशीवर चमचा वाजवला. मिनिट संपलं म्हणे.

सर म्हणाले, “तुमचं संबोधन फार सुरेख आहे, खुशालराव. त्याच्या मागे काही मागणं आहे का?”

वर्षातली ही पहिलीच दाद. मनापासून दिलेली. घरी येऊन वच्छलेला शब्दशः सांगितली. तिनं दुसरं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग कणीक मळत राहिली.

१३ सप्टेंबर, रविवार.

वर्गाला गेलो नाही, सर्दी. पण प्रत्यक्ष कामाचा विषय थोडा आवळला. जुळं महानगर सोडून फक्त अमरावती.

२० सप्टेंबर, रविवार.

फक्त आमचा वॉर्ड. सर म्हणतात, अजून आवळा.

२७ सप्टेंबर, रविवार.

ठरलं. विषय: ‘मानवी संस्कृतीतील पाण्याचे स्थान, आमच्या गल्लीच्या विशेष संदर्भासह.’ कल्पना पूर्णपणे माझी. वच्छला म्हणते, ती जूनपासून हेच सांगत होती. बायकांना विषय आणि शीर्षक यांतला फरक कळत नाही.

जागाही तिनं ठरवून टाकली आहे, गल्लीच्या तोंडाशी, तानुबाईच्या ओट्यापाशी. तानुबाई एकट्या राहतात, साठीच्या पुढं, पापड-कुरड्या करून पोट भरतात. सडक ओलांडून पाणी आणणं त्यांना जड जातं. मी टिपून घेतलं. प्रबंधाला मानवी बाजू असलेली बरी.

१८ ऑक्टोबर, रविवार.

वर्ग नाही, दसऱ्याची सुटी. धर्मपाल नागपूरला गेला असणार, दीक्षाभूमीवर. मी रिद्धपूरजवळच्या एका खेड्यात वाचनालयाच्या उद्घाटनाला. (वाचनालय म्हणजे विद्याच. संकल्पात बसतं.)

तिथं जे झालं त्यातून आयुष्यभराचा धडा घेतला. मंचावरच्या सगळ्यांची नावं घेतली, एक राहिलं. गोवर्धन म्हणून एक जण कोपऱ्यात बसला होता, मला वाटलं पाणी द्यायला बसला आहे. मी ‘सॉक्रेटिस’ म्हणालो आणि लाउडस्पीकर बंद. वळून पाहतो तर गोवर्धन वायर गुंडाळतो आहे. लाउडस्पीकर त्याचाच होता. म्हणाला, “ज्याचं नाव घेतलं त्याचा भोंगा लावा.” आणि कर्णा खांद्यावर टाकून घरी गेला. पुढचं व्याख्यान पहिल्या दोन रांगांपुरतं झालं.

आपल्या वऱ्हाडात माणसाला जेवायला बोलावलं नाही तर तो विसरेल, पण मंचावर नाव गाळलं तर नातवंडांना सांगून जाईल. यापुढं मंचावरचं एकही नाव गाळायचं नाही. गाळलंच, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हा संकल्प मात्र मोडणार नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार.

वर्ग चुकला. वरूडला संत्र्याच्या बागायतदारांपुढं ‘शहर आणि फळं’. मानधन म्हणून टोपलीभर संत्री. गल्लीत सगळ्यांना वाटली. तानुबाईंनी सालंसुद्धा वाळत घातली. त्यांनी विचारलं, मास्तर, नळाचा अर्ज गेला का. मी म्हटलं, प्रस्तावना चालू आहे.

१७ डिसेंबर, गुरुवार.

आज सकाळी तानुबाई सडकेवर पडल्या. कापसाच्या बंडीचे बैल बुजले, त्या बाजूला सरकल्या, पाय घसरला. घागर आपटली, पोचा आला. मनगट सुजलं आहे. हाड मोडलं नाही, पण महिनाभर पापड लाटता येणार नाहीत म्हणतात. म्हणजे महिनाभर कमाई नाही.

वच्छला त्यांना घेऊन आली, हळद लावली. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाली, “प्रस्तावना झाली का?”

लगेच अर्ज लिहिला. अकरा पानं झाली. तिनं दुसरा लिहिला, अर्ध्या पानाचा, आणि शाळेच्या वाटेवर मलाच टाकायला दिला. माझा जास्त सविस्तर होता, पण पाकिटात मावला नाही. तिचा टाकला.

१० जानेवारी १९६५, रविवार.

वर्गात मोठी बातमी. धर्मपालचा दिवा लागला. अर्ज, सुनावणी, दिवा, सगळं झालं. सरांनी अभिनंदन केलं. मी उठून आभाराचं भाषण केलं, कारण कोणीतरी करायलाच हवं होतं. धर्मपाल म्हणाला, मास्तर, दिव्याचं तेल तुमच्या भाषणात जाऊन राहिलं. मी सांगितलं, दिवा विजेचा आहे. तो म्हणाला, म्हणूनच वाचला.

२४ जानेवारी, रविवार.

आमची तारीख आली. ११ फेब्रुवारी, पाणी समितीपुढं सुनावणी. शहराच्या आमच्या भागात यंदा एकच सार्वजनिक नळ बसणार आहे. मागणाऱ्या गल्ल्या दोन, आमची आणि शेजारची. प्रत्येक गल्लीचा एक वक्ता, पाच मिनिटं, त्यावर तिथंच निर्णय. पुन्हा नळ निघायला दोन वर्षं तरी जातील.

दुपारी गल्लीतल्या बायका आमच्या घरी जमल्या. वच्छलेनंच बोलावं असं त्यांच्या मनात दिसलं. मी हसलो. नागपूरपासून बुलढाण्यापर्यंत सभा गाजवलेला माणूस घरात असताना?  तानुबाई, मनगटाला अजून फडकं बांधलेलं, म्हणाल्या, मास्तर बोलतात तर बोलू द्या, मोठ्या माणसाचं वजन पडते.

केवढा विश्वास! हा नळ आता माझ्या प्रत्यक्ष कामाचे मार्क आहे, आणि तानुबाईंचा उन्हाळा आहे. दोन्ही माझ्या जिभेवर आहेत. मी निश्चिंत आहे.

२५ जानेवारी ते १० फेब्रुवारी.

रोज सराव. कपाटासमोर. मोहेंजोदारोची गटारं, रोमचे जलसेतू, मग आमची गल्ली, शेवटी नळ. वेळ मोजायला वच्छलेला बसवलं. ती म्हणाली, पाच मिनिटं झाली तेव्हा तुमी सिंधू नदीत होते. मी म्हटलं, प्रत्यक्ष सभेत ओघ वाढतो.

आज ती शेवटचं सांगून गेली. “एवढंच सांगजा, तानुबाईच्या ओट्यापाशी नळ पाहिजे, म्हातारी बाई पाण्यापायी सडकेवर पडली. बाकी काई नाई सांगलं तरी चालते.”

मी मान डोलावली. ते वाक्य शेवटी आहेच.

११ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळ.

आजचा प्रसंग सविस्तर लिहितो.

सभागृह गच्च. समितीचे अकरा सदस्य. अध्यक्ष चंद्रभानजी. आमच्या गल्लीच्या बायका एका बाजूला, पुढं तानुबाई, शेजारी वच्छला. दुसऱ्या बाजूला शेजारच्या गल्लीच्या बायका, त्यांच्यात बेबीताई म्हणून एक ठसठशीत बाई. मागं देवराव सर आणि धर्मपाल, खास अकोल्याहून आले होते. पहिली पाळी आमची.

उठलो. टाळ्या. (आमच्या बाजूनं.)

अध्यक्षांपासून सुरुवात केली. चंद्रभानजी, ज्यांच्या शांत कारभारानं हे नगर न्हाऊन निघतं आहे. पाण्याची सभा म्हणून ‘न्हाऊन’ मुद्दाम. ते खूष. मग उपाध्यक्ष. मग कापूस बाजाराचे आधारस्तंभ. मग वैद्यराज, ज्यांच्या काढ्यानं अर्धं शहर उभं आहे. मग नगरसेवक म्हणून बसलेला माझा एक जुना विद्यार्थी, याला मी नववीत इतिहासात नापास केलं होतं, तेव्हा त्याला दोन वाक्यं जास्त दिली. मग महिला मंडळाच्या प्रतिनिधी. मग जिनवाले शेठ. एकेकाची छाती फुगत होती. सभा माझ्या मुठीत होती. मी आयुष्यात इतकं चांगलं बोललो नव्हतो.

नवव्या नावाला आलो आणि लक्षात आलं, एक गृहस्थ सुटले. आठव्याच्या शेजारचे, टोपीवाले. ते माझ्याकडे गोवर्धनसारखे बघत होते.

क्षणात निर्णय घेतला. नाव गाळलं तर मत गेलं. मी क्षमा मागितली आणि अध्यक्षांपासून पुन्हा सुरुवात केली. त्यांना नवीन विशेषणं दिली, तीच कशी द्यायची.

दुसऱ्या फेरीत टोपीवाले आले, त्यांचा चेहरा उजळला. मी श्वास घेतला. आता फक्त दोन नावं, की मोहेंजोदारो. तेवढ्यात घंटी.

मी हात वर केला, की थांबतो, एकच वाक्य. अध्यक्ष अतिशय सौजन्यानं म्हणाले, की भाषण उत्कृष्ट झालं, पण नियम सगळ्यांना सारखा. मग त्यांनी खाली वाकून कारकुनाला विचारलं, यांचं मागणं काय होतं. कारकून म्हणाला, ते अजून आलं नव्हतं, साहेब.

बेबीताई उठल्या. पदर खोचला. “आमच्या गल्लीत नळ नाई. पोरीबाया सडक ओलांडून पाणी आणून राहिल्या. गल्लीच्या तोंडाशी नळ द्या.” बसल्या. ना अध्यक्ष, ना महाराज. मंचावरच्या एकाचंही नाव नाही. मला वाटलं, संपल्या.

नळ त्यांना मिळाला. अकराच्या अकरा हात वर. टोपीवाल्यांचाही.

तरी सभा आपण जिंकली असं मी मानतो. बाहेर तीन सदस्यांनी माझा हात हातात घेतला. शेठ म्हणाले, असं माझ्याबद्दल कोणी बोललं नव्हतं. निर्णयाचा भाग वेगळा.

देवराव सर तडक स्टेशनकडे गेले. धर्मपाल थांबला होता. मला वाटलं, टोमणा मारणार. त्यानं नुसती पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाला, चला, चहा घेऊ. हे जास्त लागलं.

घरी येताना बायका पुढं, मी मागं. गल्लीच्या तोंडाशी तानुबाई थांबल्या. मी काही म्हणणार, तेवढ्यात त्याच बोलल्या, रागानं नाही, अगदी सहज.

“लय गोड बोललात, मास्तर. साऱ्यायचं नाव घेतलं. माहंच तेवढं राह्यलं.”

मग ओट्याच्या पायऱ्या चढून आत गेल्या.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार.

काही लिहायचं नाही.

१४ फेब्रुवारी, रविवार.

वर्गाला गेलो नाही. कारण नाही.

१४ मार्च, रविवार.

लेखी परीक्षा. उत्तम. पाच प्रश्न, तीन तास. पहिला प्रश्न: ‘शहर म्हणजे काय?’ अशा प्रश्नाला ‘परीक्षक महोदय’ म्हटल्याशिवाय हात घालता येत नाही. पुरवण्या मागवत राहिलो, पर्यवेक्षक धावत राहिले. शहर म्हणजे काय ते पूर्ण होत आलं तेव्हा पेपर ओढून घेतला. बाकीचे चार प्रश्न पहिल्यातच सामावलेले होते, परीक्षकाला कळेल.

धर्मपाल अर्धा तास आधी बाहेर. पाचही लिहिले म्हणाला. उथळ.

११ एप्रिल, रविवार.

शेजारच्या गल्लीत नळ सुरू झाला. नारळ फोडला, हार घातला. उद्घाटनाला मला बोलावलं होतं. शाल घेऊन गेलो, चार मुद्दे काढून. बेबीताईंनी मला खुर्ची दिली, पेढा दिला आणि सांगितलं, बोलायचं काई नाई मास्तर, पाणी दोनच तास येते.

त्यांनी आमच्या गल्लीलाही पाणी भरू द्यायचं कबूल केलं, त्यांचं झाल्यावर. सडक ओलांडायची राहिली नाही, पण लांब आहे, आणि उन्हात रांग आहे. तानुबाईंचं मनगट बरं आहे, तरी भरलेली घागर पेलत नाही.

१३ एप्रिल, मंगळवार.

आमच्या ओसरीवर बायकांची बैठक. मला आत बसवलं. निर्णय बाहेरून ऐकू आला: ज्याच्यापायी नळ गेला, त्यानं आपला नळ येईतोवर तानुबाईंचं पाणी भरायचं. एकमतानं. ठराव कोणी मांडला ते पडद्याआडून दिसलं नाही, पण आवाज घरातलाच होता.

मी बाहेर येऊन म्हटलं, निर्णयाचं स्वागत आहे. हे प्रत्यक्ष कामच आहे. प्रबंधात एक प्रकरण वाढेल. तानुबाई म्हणाल्या, राहू द्या, मास्तरले काय जमते. त्यामुळं मला होकार द्यावाच लागला.

१४ एप्रिल, बुधवार.

पहिला दिवस. रांगेत उभं राहून वाटलं, इथं बोलायलाच पाहिजे. उन्हात उभ्या असलेल्या माताभगिनी, सगळ्यांची एकच व्यथा! सुरुवात केली, मागच्या ताईंपासून पुढच्या ताईंपर्यंत, नावं घेत. माझ्या मागच्या चार बायका माझ्या पुढं गेल्या. माझी घागर नळाखाली आली तेव्हा पाणी गेलं. तानुबाईंच्या घरी तांब्याभर पोचलं.

मग वच्छलेनं त्यांच्याकडे आमच्या घरातली भरलेली घागर नेली.  आमच्या घरी स्वयंपाकाला पाणी कमी पडलं, वरण घट्ट झालं. मला घट्ट वरण आवडतं.

२५ एप्रिल, रविवार.

निकाल. धर्मपाल पहिला. मी लेखीत नापास, प्रत्यक्ष कामात ‘अपूर्ण’.

देवराव सरांनी मला थांबवून घेतलं. त्यांनी सांगितलं, की पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दोनदा वाचलं, त्यात मजा आहे. पुढच्या वर्षी फी न घेता बसवतो. पण अट एक: नळाचा अर्ज पुन्हा करायचा, आणि सुनावणीला त्यांनी सांगितलेला माणूस बोलेल. मी विचारलं, कोण. ते म्हणाले, “ज्यांनी अर्ध्या पानाचा अर्ज लिहिला, त्या.”

फाइलमधला अर्ज माझ्या नावाचा असला तरी अक्षर माझं नाही, वच्छलेचं आहे, हे त्यांना केव्हाच कळलं होतं म्हणे.

धर्मपाल स्टेशनवर सोडायला निघाला. म्हणाला, मास्तर, दिवा पाहून जा. विहारापर्यंत गेलो. खांब साधा, बल्ब साधा. दिवस होता, लागलेला नव्हता. तरी मी बराच वेळ पाहत राहिलो.

गाडीत एका प्रवाशानं विचारलं, आपण काय करता. मी म्हटलं, पाणी भरतो. बडनेऱ्यापर्यंत गप्प बसलो. डबा जागा होता.

२ मे, रविवार. दुपारी एक.

अकोल्याला सुटी. व्याख्यानांची दोन निमंत्रणं आहेत, एकाचं उत्तर दिलं, एकाचं नाही. पहाटे चारला उठत नाही. पाणी साडेदहाला येतं, तेव्हा उठण्याची गरजही नाही. हा संकल्प पाळला जाईल असं वाटतं.

आज नळावर गेलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. रांगेत बेबीताई, त्यांच्या दोन सुना, आमच्या गल्लीच्या बायका. मी शेवटी. कोणाशी बोललो नाही. सवयीनं ओठ हलले असतील, कारण बेबीताईंनी मागं वळून पाहिलं आणि पदराआड हसल्या.

पाळी आली. घागर लावली. पोच्याची घागर, तानुबाईंचीच. भरली, काठोकाठ. पाणी अजून यायचं होतं, पुढं वेळ होता.

आता ती खांद्यावर घ्यायची. गुडघ्यापर्यंत उचलली, मांडीपर्यंत आणली, पुढं जाईना. खाली ठेवली. पुन्हा उचलली, पाणी हिंदकळलं, धोतर भिजलं. भरून झालेल्याही बघायला थांबल्या होत्या, माझ्यासमोर सगळी रांग उभी होती. नऊदहा जणी. सगळ्यांची नावं मला पाठ होती, कोण कोणाची सून, कोण कुठल्या गावची. प्रत्येकीला एक एक विशेषण सुचत होतं, आणि सगळी चांगली होती.

तिकडं तानुबाई ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत असणार.

मी कोणाचंच नाव घेतलं नाही. नुसतं म्हटलं, “ही घागर जरा उचलून द्या.”